बेलीफ आणि कोरी हजेरीपत्रकं

"भिऊ नको गो, आज कागद नाय आणलाय."

पाड्यावरच्या कुठल्याही अंगणात पाय टाकण्याआधी आमचे बेलीफ हे म्हणायचे आणि दोन्ही हात उलटसुलट करून दाखवायचे.

त्याला कारण होतं. सगळी नोकरी त्यांनी तालुक्याच्या कोर्टात बेलीफ म्हणून काढली. समन्स पोचवायचं आणि माणूस सापडला नाही तर दारावर चिकटवायचं. डोळखांबच्या डोंगरातली पायवाट न् पायवाट त्यांना ठाऊक होती, आणि त्यांना बघून माणसं पळाली नाहीत अशी वाट एकही नव्हती. मुंबईच्या एका ट्रस्टने आमच्या संस्थेला पाड्यांवर कायद्याचे वर्ग घ्यायला निधी दिला, तेव्हा शिकवायला मी नेमके हेच गृहस्थ निवडले. तुम्ही म्हणाल, दुसरं कोणी मिळालं नाही का? खरंच मिळालं नाही. तालुक्याच्या वकिलांना डोंगर चढायचा नव्हता, आणि हे किन्हवलीहून पहिली एसटी पकडून उरलेलं चालत जायला तयार होते.

पहिल्या वर्गाला दोन म्हाताऱ्या आणि एक कोंबडी. बाकीचा पाडा रानात.

"एवढी वर्षं पळवली ताई, आता बोलवायला टाइम लागंल," ते म्हणाले.

लागलाच. पण वर्ग भरू लागला. शिकवायची त्यांची तऱ्हा मोठी गमतीची होती. कसला तरी कागद समोरच्याच्या हातात द्यायचे आणि कोर्टातल्या आवाजात सांगायचे, "कर सही." तो बिचारा पेन टेकवणार, तोच मनगटावर हलकी चापट. "वाचलास? नाय? मग सही कशाची केलीस? वाचता येत नाय तर म्हणायचं, आधी मोठ्यानं वाच." वनहक्काचा दावा असो की रेशनचा अर्ज, पहिला धडा हाच.

एकदा एसटीची वाट बघताना मी विचारलं, एकाच गोष्टीवर एवढा जोर का? ते म्हणाले, "किती अंगठे घेतले असतील मी. कोणी विचारलं नाय, काय लिवलंय. मी पण सांगितलं नाय. एसटी चुकंल म्हणून घाईत असायचो." त्या दिवसापासून मी त्यांच्या चापटीला हसले नाही.

अहवाल लिहिणं माझ्याकडे होतं. ट्रस्टला दर वर्गाचं सह्यांचं हजेरीपत्रक लागायचं. छापील फॉर्म त्यांचाच, इंग्रजीत. तीन महिन्यांनी बेलीफांनी गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. सगळी पत्रकं कोरी.

"अहो, वर्गाला कोणी येतच नाही का?"

"येतात ना. शाळेच्या पडवीत जागा पुरत नाय."

"मग सह्या?"

"म्हणतात, आधी वाच. वरचं इंग्रजी मला वाचता येत नाय. मग मीच सांगितलं, नका करू."

मी कपाळावर हात मारला. कोऱ्या पत्रकांवर पुढच्या वर्षाचा निधी मिळणार नव्हता, आणि निधी थांबला की वर्ग बंद. चिडून म्हटलं, एकदा डोळे मिटून सह्या घेऊन टाका. ते म्हणाले, "मग शिकवू काय, तुमीच सांगा." माझीच लाज वाटली.

शेवटी ट्रस्टच्या मॅडम स्वतः बघायला आल्या. पडवीत माणसं खेटून बसली होती. मॅडम खूश. त्यांनी हजेरीपत्रक काढून पहिल्या रांगेतल्या बुधीबाईपुढे धरलं. वर्गातली ही सगळ्यात म्हातारी. तिने हात पदराखाली घेतले.

"तुमी कोण? वळखपत्र दाखवा."

मॅडमनी दाखवलं.

"आता वाचा. सगळं वाचा."

मॅडम एकेक ओळ मराठी करून वाचू लागल्या. तळाच्या बारीक अक्षरांपाशी जरा अडखळल्या. सही करणाऱ्याचा फोटो आणि माहिती ट्रस्ट कुठेही छापू शकेल, असं तिथे होतं.

"मला न इचारता?" बुधीबाई म्हणाली. "ती वळ खोडा. मंग देते अंगठा."

मी बेलीफांकडे पाहिलं. ते तोंडावर टॉवेल दाबून हसत होते, आणि डोळेही त्याच टॉवेलने पुसत होते.

मॅडमनी ओळ खोडली. परतताना जीपमध्ये म्हणाल्या, "मी स्वतः हा फॉर्म आज पहिल्यांदा वाचला." पुढचा फॉर्म मराठीत आला, आणि वर्गांना आणखी एक वर्ष मिळालं.

त्या वर्षाच्या ट्रस्टच्या करारावर शिकवणाऱ्याचीही सही लागत होती, म्हणून तो मी बेलीफांना दिला. पानं चारच, तीही मराठीत. "वाचून देतो," म्हणाले. आठवडा गेला. मी फोनवर चिडवलं, "आता दारावर येऊन चिकटवू का?"

"थांबा वो ताई. तिसऱ्या पानावर हाय."

कापणीच्या दिवसांत एका सकाळी छातीत कळ आली आणि ते गेले. दिवसकार्य उरकल्यावर त्यांच्या मुलीने करार आणून दिला. सही नव्हती. तिसऱ्या पानावर, ‘निधी थांबवायचा झाल्यास ट्रस्ट संस्थेला एक महिना आधी कळवेल,’ या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती आणि समासात त्यांचं टपोरं अक्षर:

"आणि पाड्याला?"