खंडेनवमीला घासलेले दगड

तळवलीच्या भागीरथीबाईंच्या हाताला चकाकीचं वरदान होतं. लग्नघरातल्या समया असोत की देवळातली घंटा, बाई चिंच घेऊन बसल्या की पितळ सोन्यासारखं झळकायचं. खाडीत मासळी आटली तशा त्या वाशीच्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाडलोटीला लागल्या.

त्र्याण्णव साल. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, उपकरणांची पूजा. बाईंनी सूक्ष्मदर्शक पुसले, हातोड्या लखलखीत केल्या. टेबलावर तिथं शिकवणाऱ्या वैदेही मॅडमनी तुर्भ्याच्या खाणीतून आणलेले दगड होते. पांढरेशुभ्र स्फटिक आणि त्यांवर मळकट पिवळं पुट. देवापुढे असे पारोसे दगड कसे मांडायचे? बाईंनी तेही चिंचेच्या कोळात भिजवून घासले.

सकाळी मॅडम दगड हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या.

"कान्हा, याला हात कोणी लावला?"

"मी नाय, मॅडम," शिपाई म्हणाला.

"काचपट्ट्या फुटल्या तेव्हाही 'मी नाय'च होतं. किल्ली कोणाकडे असते?"

दाराआड बाई झेंडूची माळ घेऊन उभ्या होत्या. एक शब्द पुरला असता. तो आला नाही. पूजा झाली, आरती झाली. कान्हा कोपऱ्यात खाली मान घालून राहिला. प्रसादाचा पेढा बाईंनी तसाच पदराला बांधला. त्या मॅडमपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"त्याला नका बोलू. मीच घासले, चिंचेच्या पान्यानं."

मॅडमनी घासलेला दगड उचलला. "बाई, लाव्हा थिजताना आत पोकळ्या राहतात. त्यांत युगानुयुगं पाणी झिरपतं आणि एकावर एक खनिजं धरतात. ते पिवळं पुट म्हणजे सगळ्यांत शेवटचं खनिज. आंबटात ते विरघळतं. कोण कोणानंतर आलं, तेच मला शोधायचं होतं."

"दुसरा आनते. माझा भाचा जयदेव खानीतच हाय."

"खाणीतला तो कोपरा सुरुंगानं उडाला. आता त्याची खडी झाली असेल."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कान्हाला हाक मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चुकले मी."

दसऱ्याला कॉलेज बंद, म्हणून आपट्याची पानं आदल्या दिवशी पूजेनंतरच वाटायची, अशी तिथली रीत. कान्हा पान घेऊन बाईंपाशी आला.

"मावशी, तुमी सकालीच बोलल्या असत्या तर?"

त्यानं पान बाईंच्या हातावर ठेवलं आणि वडीलधाऱ्या म्हणून नमस्काराला वाकला. बाईंनी झटकन पाय मागे घेतले.