न्हाणीघरातली गरम भिंत

रिहे गावात भाड्याने घेतलेल्या खोलीच्या न्हाणीघरात मी विजेचा शॉवर बसवून घेतला. एका सकाळी अंघोळ करताना हात भिंतीला टेकला. छतापासून शॉवरपर्यंत बोटभर रुंदीचा एकच पट्टा गरम होता, ताप चढलेल्या अंगासारखा. बाकीची भिंत गार होती. शॉवर बंद केला, तरी तो पट्टा बराच वेळ निवला नाही.

भिंत दाखवायला बोलावलं, तर मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "आमच्या सासूबाई तितंच अंघोळ करताना गेल्या. मी न्हाई जात आत."

मी वायरमनला बोलावलं. त्याने गिलावा फोडला, तर आतल्या तारेचं आवरण वितळून काळं पडलं होतं.

"ही दिव्याची बारीक तार हाय. शॉवर तेहतीस अँपिअर ओढतोय," तो म्हणाला. "तार तापायच्या आत वीज तोडायला एमसीबी असतो. वर तोच मोठा लावलाय, मग तो पडंल कसा?"

त्याने मीटरपासून दहा चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची केबल ओढली, चाळीसचा एमसीबी लावला आणि झटका बसू नये म्हणून आरसीसीबीही.

काम झाल्यावर मालकीणबाई पहिल्यांदाच आत आल्या. भिंतीला तळहात लावून त्या हळूच म्हणाल्या, "पार गार पडली." मयताला हात लावून सांगावं तसा तो आवाज होता. त्या दिवशी मी अंघोळ केली नाही.