बाहेरची कडी

आमच्या गॅरेजात ट्रकच्या नुसत्या चेसिसवर बॉडी बांधतात. पूर्णा गावच्या गोदामांत जाणाऱ्या कितीतरी गाड्यांना माझ्या नवऱ्याचा हात लागलेला. मालाच्या गाडीचं दार तो डोळे मिटून करायचा. कडी अर्थातच बाहेरून.

गोदामवाले तयार कंटेनर आणायला लागले आणि आमचा धंदा बसला. मग एक एजंट परदेशातली वेल्डिंगची नोकरी घेऊन आला. गोड बोलून गळा कापणारा मेला. तिथं लढाई चालू आहे हे त्याने सांगितलंच नाही. नवरा पोचला, तसा त्याचा पासपोर्ट काढून घेतला. काम तेच, बॉडी बांधायचं. फक्त जुन्या ट्रकांवर जाड लोखंडी पत्रे चढवायचे आणि आत माल नाही, सैनिक बसायचे.

पहिली गाडी त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवली. स्वारी खुशीत होती.

"बघ, आपल्या गॅरेजातल्या गाडीवानी हाय का न्हाय?"

मी दार बघितलं आणि ओरडलेच. "अहो, कडी बाहेर! आतली माणसं उतरणार कशी?"

त्याने कपाळावर हात मारला. "सवयीनं झालं बघ. उद्याच आतून लावतो."

पण लावू दिली नाही. तिथल्या साहेबाला ती चूक फार आवडली, असं पुढच्या फोनवर कळलं. सैनिक वाटेत उतरून पळायचे, आता पळणार नाहीत. सगळ्या गाड्यांना अशीच कडी कर, म्हणाला. नवरा करत राहिला. नाही म्हणणाऱ्या एका वेल्डरला त्यांनी सगळ्यांसमोर गोळी घातली होती.

मी एजंटच्या दारात जाऊन बसायचे, तोंडाला येतील त्या शिव्या घालायचे. तो म्हणायचा, "ताई, कारागीर मानूस हाय तो. त्याला लढाईला कोन नेतो?"

सैनिक कमी पडले तेव्हा नेलं. त्याच्याच हातची गाडी, तो आत, कडी लावलेली. गाडी पेटली. आतून ठोकल्याचा आवाज बराच वेळ येत होता, असं त्याच्या सोबत्याने फोनवर सांगितलं. हे मला सांगायची काय गरज होती? त्या सोबत्यावर माझा अजून राग आहे.

परवा दीर नव्या गाडीचं दार बसवत होता. मी म्हटलं, आतूनही कडी लाव. तो हसला. "वहिनी, माल काय आतून दार उघडतो?"

मी आत चढले. म्हटलं, लाव बाहेरून. त्याने हसत हसतच लावली. मी दोन्ही हातांनी दार ठोकायला लागले, तसं त्याचं हसू बंद झालं. दार त्याने लगेच उघडलं. माझ्या नवऱ्याचं कोणी उघडलं नाही.