आक्काच्या हातची ब्राटवुर्स्ट

माझी मुलगी दोन वर्षांनी जर्मनीहून सुट्टीवर आली, ती पुण्याहून नांदेडला येताना बर्फाच्या डब्यात डझनभर ब्राटवुर्स्ट घेऊन. पुण्यात एक जोडपं ही जाडसर, पांढुरकी सॉसेज घरीच हातानं भरून विकतं. घरात सगळ्यांना चालावीत म्हणून तिनं मुद्दाम कोंबडीची आणली होती.

त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण, आक्का, मोतीबिंदू दाखवायला अहमदपूरकडच्या गावाहून आमच्याकडे आली होती. उजव्या डोळ्यानं तिला जवळजवळ दिसत नव्हतं.

रविवारी दुपारी मी गच्चीवर शेगडी पेटवली. वेल्डरकडून करून घेतलेली साधी लोखंडी शेगडी, वर जाळी. एरवी तिच्यावर वांगी आणि कणसं भाजायचो. कोळसे लालबुंद झाल्यावर आम्ही बाप-लेकीनं सहा ब्राटवुर्स्ट जाळीवर मांडली. दोन मिनिटांत कातडी तडकली, चरबी कोळशावर गळून जाळ उठला. बाहेरून काळी झाली, कापून पाहिलं तर आत कच्ची. मुलीचं तोंड उतरलं. तिकडच्या चवीबद्दल ती दोन दिवस सांगत होती.

आक्का खुर्चीवर बसून होती. तिनं उरलेल्यांतलं एक मागून घेतलं, बोटांत फिरवलं, चिमटीत दाबून पाहिलं.

“हे आतड्यात भरलंय की,” ती म्हणाली. “मग येवढ्या जाळावर कसं टिकंल? आधी गरम पाण्यात शिजव. उकळी येऊ देऊ नको. मग नुसता रंग दे.”

मुलगी एकदम थांबली. तिची तिकडची घरमालकीणसुद्धा आधी गरम पाण्यातच ठेवायची, हे तिला आत्ता आठवलं. आक्कानं पातेलं मागवलं, वाफेवर हात धरून धरून आच सांभाळली. कोळसे एका कडेला सारून त्यांच्यावर राख पसरायला लावली. उरलेली सहा सावकाश भाजली, ती तांबूस आणि टम्म झाली. सुरी लावली की रस यायचा. आक्कानं एक पूर्ण खाल्लं. मांस चांगलं हाय, पण मीठमसाल्याला हात आखडलाय, असं तिचं मत पडलं. मग म्हणाली, आपण करू.

पुढच्या रविवारी सकाळी मी मटणाच्या दुकानातून खिमा, थोडी चरबी आणि बोकडाचं आतडं आणलं. आक्का मोरीजवळ पाटावर बसली. मीठ-हळद लावून तिनं आतडं पाच-सहा पाण्यांतून काढलं, आणि ज्वारीच्या धाटावर चढवून असं उलटं केलं की कुठं एक भोक पडलं नाही. डोळा साथ देत नव्हता, सगळं बोटांनी चाललं होतं. मुलगी शेजारी बसून फोनवर लिहून घेत होती. खिम्यात लसूण, मिरं, धने, किसलेलं जायफळ पडलं. अर्ध्यात मुलीच्या हट्टानं मिरची नाही, अर्ध्यात आक्काच्या हट्टानं भरपूर. नरसाळ्यानं भरताना आक्का मध्येच हात थांबवून म्हणायची, हवा राहिली, आणि सुईनं टोचायची. तिथं खरंच बुडबुडा असायचा.

बघता बघता मला कंधारचं वसतिगृह आठवलं. मी तिथं शिकत असताना आक्का एसटीनं डबा घेऊन यायची. एकदा तिनं वजडी आणली, बोकडाच्या आतड्या-पोटाची. बरोबरीची पोरं नाक मुरडून हसली, आणि मी तिला फाटकाशी नेऊन सांगितलं की हे पुन्हा आणू नको. तिनं रिकामा डबा पिशवीत घातला आणि बस पकडली. वजडी त्यानंतर कधी आली नाही. त्या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली, आणि आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नव्हतो. त्या रविवारी मी बोललो. चुकलं होतं माझं, म्हणालो.

आक्कानं दोऱ्याची गाठ मारली.

“तुला लाज वाटली होती,” ती म्हणाली. “मला न्हाई वाटली. मला ठावं होतं, ते चांगलं झालतं.”

एवढं बोलून तिनं पुढचं आतडं नरसाळ्यावर चढवलं. मी उठलो आणि कोळसे आणायला गच्चीवर गेलो.

यावेळी एकही फुटलं नाही. ज्वारीची भाकरी, कांदा, मुलीनं आणलेली मोहरीची चटणी आणि आमची कारळाची. मिरचीची आधी संपली, त्यातली तीन एकट्या मुलीनं खाल्ली. मी इतकी वर्षं मुलांना शाळेत शिकवलं, पण न पाहिलेली वस्तू एकदा बोटांत धरून तिची रीत ओळखायची, हे मला कुणी सांगूनही जमलं नसतं.

आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पुढच्या तपासण्यांसाठी ती आमच्याकडेच राहिली. मुलगी परत गेली. गेल्या महिन्यात तिनं तिथल्या स्वयंपाकघरातून फोन लावला आणि तो आत्याकडे द्यायला सांगितला. आतडं उलटं करताना सारखं फाटत होतं. आक्का बराच वेळ तिला समजावत बसली.