मामांच्या पोटातली काडी

आमच्या मामेसासऱ्यांइतका पत्रावळीसाठी जगणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही, आणि पत्रावळीपायी मरायला निघालेला तर जगात दुसरा नसेल. लिंबागणेशच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. शेत मुलं बघतात. मामा पळसाची पानं बघतात. एकेक पान तळहातावर घेऊन असं निरखतात, की जावई म्हणून माझी निवड करतानाही एवढं निरखलं नव्हतं, असं माझी बायको म्हणते. मग बांबूच्या बारीक काड्या तासायच्या, पानाला पान टाचायचं आणि उरलेलं टोक मोडून टाकायचं. कारखान्यातली कागदी पत्रावळ दिसली की त्यांचं डोकंच फिरतं. चौसाळ्याला एका लग्नात ती समोर आली, तर मामा भर पंगतीतून उठून गाडीतली स्वतःची पत्रावळ घेऊन आले. वर नवरीच्या बापाला म्हणाले, "पाव्हणं, जेवण लई झकास हाय, पण पुठ्ठा काहून मांडलाय?"

गेल्या साली गावच्या सप्ताहात शेवटच्या पंगतीला कागदी पत्रावळीच आणायचं ठरत होतं. मामा दोन दिवस रुसून बसले, तेव्हा कुठे गाव नमलं. मग घरातल्या सगळ्यांना जुंपून मामांनी ढिगाने पत्रावळी लावल्या. लोकांनी वाहवा केली. आणि चौथ्या दिवसापासून मामांचं पोट दुखायला लागलं.

आधी ओवा झाला, मग हिंग झाला, मग गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या. "काही वेडंवाकडं गिळलं होतं का?" असं जो तो विचारी. "मी काय रांगतं लेकरू हाय का?" हे मामांचं ठरलेलं उत्तर. पंधराव्या दिवशी ताप चढला, पोट दगडासारखं कडक झालं, तेव्हा मी त्यांना गाडीत घालून बीडला आणलं. सर्जनबाईंनी स्कॅन बघून सांगितलं, "आतड्याला भोक पडलंय, घाण पोटात पसरतेय. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल. उशीर झाला तर हाती लागणार नाहीत." काही गिळलं होतं का, हे बाईंनीही विचारलं. मामा छताकडे बघत राहिले. आत नेताना मात्र त्यांनी माझं मनगट धरलं.

"जावईबापू, पंगतीत घशाला टोचलं व्हतं. काडी व्हती. माझीच."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"समदी पंगत बसली व्हती. वराडलो असतो, तर पत्रावळीचं नाव गेलं असतं. गावात सांगू नका."

धन्य आहे! माणूस मरणाच्या दारात, आणि काळजी पत्रावळीच्या अब्रूची. मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी काडी काढली, आतडं शिवलं, पोट धुतलं. पुढचे चार दिवस नाकात नळी, पोटात नळी, तोंडात पाण्याचा थेंब नाही. मामांचा वायू कधी सरतो याकडे सगळं घरदार डोळे लावून बसलेलं. तो सरला तेव्हा मामींनी पेढे वाटले. बाईंनी काडी बाटलीत घालून दाखवली. मला वाटलं, मामा लाजतील. कुठलं काय! बाटली उजेडात धरून म्हणाले, "बघा, इतके दिस पोटात राहिली, तरी टोक मऊ पडलं न्हाई. हाय का असा माल?"

गावात मी अपेंडिक्स सांगितलं आणि गावाने ते मानलंही.

यंदा सप्ताहाआधी चार पोक्त मंडळी मामांकडे आली. "औंदाबी तुमच्याच पत्रावळी," असं म्हणाली. मी तिथेच होतो. मामा म्हणाले, "कागदी आणा." मंडळी एकमेकांची तोंडं बघत निघून गेली. मी कारण विचारलं.

"आता काडीचं टोक डोळ्याला दिसंना," मामा म्हणाले. "माझ्या पोटात गेली, ते ठीक. एखाद्या लेकराच्या गेली म्हंजे?"

पंगतीला मी वाढायला होतो. मामा कागदी पत्रावळीपुढे मुकाट्याने मांडी घालून बसले. भात पडला तशी त्यांची बोटं त्यातून हळूहळू फिरायला लागली, पार तळापर्यंत.

"मामा, ह्यात काडी नसते."

"ठावं हाय," ते म्हणाले, पण बोटं काही थांबेनात. मी वाकलो आणि त्यांच्या भातावर वरण वाढलं.