कान ठीक आहे म्हणाल्या

यांच्या कानातल्या चकरेची मला इतकी सवय झालेली, की मी घाबरतच नसे. कानात बारीक खडे सरकतात म्हणे. कूस बदलली की घर गरगरायचं आणि मिनिटभरात थांबायचं. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं मी यांचं डोकं आधी इकडे, मग तिकडे वळवून धरायची. थोड्या वेळात स्वारी पोह्यांवर हजर.

त्या रविवारीही तेच केलं, दोनदा केलं. पण चक्कर थांबेना. स्थिर पडून राहिले तरी घर फिरतंयच म्हणत होते. उपाशीपोटी होत असेल म्हणून मी यांना धरून टेबलाशी आणलं. चालताना सारखे डावीकडे कलत होते. पोह्यांची बशी पुढे ठेवली. यांनी चिमटीत पोह्यांवरचा इंदुरी जीरावन मसाला घेतला आणि बशीच्या बाजूला, टेबलावर भुरभुरला. परत घेतला, परत टेबलावरच. मला रागच आला. "अहो, नीट बघा की जरा," म्हटलं.

शेजारचे काका आले. "गैस है भिया, और कुछ नहीं." मी म्हटलं, कान. आमचं कान की गॅस चाललेलं आणि हे टेबल घट्ट धरून बसलेले. मग यांना ओकारी झाली, तशी काकांनीच गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी यांना आपल्या नाकाकडे बघायला लावून डोकं झटकन वळवलं. नजर नाकावरून हलली नाही. "कान ठीक दिसतोय," त्या म्हणाल्या. मी सुटले म्हणून हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अशी न थांबणारी चक्कर कानामुळे असती तर डोकं वळवताना नजर घसरली असती. आता मेंदूचा एमआरआय लगेच करायचा.

चांगलं निघालं म्हणून वाईट? माझं डोकंच चालेना. "हातपाय हलताहेत, तोंड वाकडं नाही, मग मेंदू कसा?" मी भांडल्यासारखी विचारत राहिले. मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक निघाला.

आता हे काठी घेऊन चालतात. परवा कूस बदलताना परत गरगरलं आणि लगेच थांबलं. "कानातलीच गं," म्हणाले. मी पोह्यांची बशी पुढे धरली. जीरावन बरोबर पोह्यांवर पडलं. तरी यांना गाडीत घातलंच. विजय नगरचा तो दवाखाना येईपर्यंत चिडचिड करत होते. करू देत.

डॉक्टरीणबाईंनी पलंगावर आडवं करून तपासलं. "कानच बिघडलाय," म्हणाल्या. मी त्यांच्यासमोरच रडले.