अर्नाळ्याला दीड की अडीच?

अर्नाळ्याला जायचं मी ठरवलं ते किल्ल्यासाठी नाही, नवऱ्यासाठी. मिलिंद हवाई वाहतूक नियंत्रक आहे. रडारसमोर हेडफोन लावून बसतो आणि कुणी किती उंचीवर राहायचं ते वैमानिकांना सांगतो. (ऑफिस कुठलं ते लिहीत नाही, बदल्या होतच असतात.) काही महिन्यांपूर्वी त्याने एका वैमानिकाला एक उंची सांगितली, वैमानिकाने परत म्हणून दाखवताना दुसरीच म्हटली, आणि मिलिंद "बरोबर" म्हणाला. ते विमान दुसऱ्या एका विमानाच्या उंचीकडे निघालं, पडद्यावर इशारा वाजला, त्याने दोन्ही विमानं वेळेत लांब केली. प्रवाशांच्या हातातला चहाही हलला नाही. चौकशी झाली, पुन्हा प्रशिक्षण झालं. आता सोमवारी त्याला उत्तर द्यायचं होतं: रडारवर परत बसणार, की वर्षागणिक वाढत्या विमानांचे तक्ते करायचं टेबल घेणार.

त्याची एक सवय होती, तिची मी कायम टिंगल केली. मी काहीही सांगितलं की तो ते परत म्हणून दाखवायचा. "कोथिंबीर, अर्धा लिटर दूध." त्या प्रकारानंतर तो नुसतं "हं" म्हणायला लागला. त्या सवयीची आठवण येऊन कधी रडू येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आलं.

तर, शनिवारी सकाळी स्कूटरवरून विरार पूर्वेच्या आमच्या फुलपाड्याहून निघालो. विरारच्या पुलावर कोंडी असतेच, ती सुटली की आगाशीपर्यंत रस्ता बरा आहे. स्कूटर नसेल तर विरार पश्चिमेला स्टेशनबाहेरून बस मिळते. आगाशीत थांबून सुकेळी घ्या. वाळवलेली केळी म्हणून नाक मुरडू नका, होडीची वाट बघताना तीच कामाला येतात.

किल्ला बेटावर आहे. आम्ही गेलो तेव्हा होडीपर्यंत गुडघाभर पाण्यातून जावं लागलं, म्हणून साधी चप्पल घाला आणि मोबाइल जपा. बेटावरून ओहोटीच्या वेळी फेऱ्या कमी होतात, तेव्हा परतीचं आधीच ठरवून ठेवा. आम्हीही ठरवलं. पास्कलकाका नावाचे होडीवाले होते. इंजिन धडधडत असताना मिलिंदने त्यांना दीडला न्यायला या असं ओरडून सांगितलं. त्यांनीही काहीतरी परत विचारलं, आणि आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

किल्ला छान आहे. दरवाजावर हत्ती कोरलेत, आत गोड्या पाण्याचं तळं आहे, बाहेर कोळीवाड्यात दोऱ्यांवर बोंबील वाळत असतात. वास येतो, तोंड वाकडं करू नका, लोक तिथे राहतात. तटावर बसलो असताना डोक्यावरून एकामागून एक विमानं मुंबईकडे उतरत होती. पूर्वी मिलिंदने प्रत्येकाची कुंडली सांगितली असती. त्या दिवशी तो तटाच्या दगडांकडे बघत राहिला. मी बोलायचं म्हणून विचारलं, विमानं फारच वाढलीत ना? तो म्हणाला, हं.

दीडला किनाऱ्यावर येऊन उभे राहिलो. होडी नाही. सुकेळी संपली, पाणी संपलं, माझा पारा चढला. होडीवाल्यांना शब्दाची किंमत नाही वगैरे मी बरंच काही बोलले. शेवटी काका आले, अगदी निवांत.

"अडीचलाच येनार होतो ना," ते म्हणाले. "मी परत इचारला पन, अडीच ना? तुमी दोगांनी बी हो सांगितला."

मी तावातावाने म्हणाले, काका, तुम्ही दीडच म्हणालात, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणि बोलता बोलता माझंच मला कळलं. मिलिंद माझ्याकडे बघत होता.

"तुलाही दीडच ऐकू आलं?" त्याने विचारलं.

"स्पष्ट."

तो हसला. किती दिवसांनी हसला. मग गुडघाभर पाण्यात उभा राहून बोलत सुटला. म्हणाला, याला आमच्याकडे नाव आहे. आपण सांगितलेलंच समोरचा म्हणेल असं कान गृहीत धरतो, आणि तेच ऐकतो. गर्दी वाढेल तसं हे जास्त होणार, म्हणून तर अशी प्रत्येक चूक कळवायची, तिच्यावर बोलायचं, पडद्यावर इशारा ठेवायचा. हे तो नवशिक्यांना शिकवायचा. फक्त स्वतःच्या बाबतीत त्याला पटत नव्हतं, त्याला वाटायचं आपलेच कान गेले. काका म्हणाले, चला लवकर, पानी वाढतंय.

घरी येताना आगाशीत पुन्हा सुकेळी घेतली. अर्नाळा एका दिवसात आरामात होतं, खर्चही फार नाही, फक्त परतीची वेळ होडीवाल्याकडून वदवून घ्या आणि मन लावून ऐका.

सोमवारी मिलिंद निघाला तेव्हा मी डबा भरत होते. रडार की टेबल, विचारायची मला हिंमत झाली नव्हती. मी म्हणाले, येताना कोथिंबीर आण आणि अर्धा लिटर दूध. बूट घालता घालता तो काहीतरी बोलला. मी हो हो म्हणाले.

तो दारातच थांबला.

"मी पुदिना म्हणालो," तो म्हणाला.